बाळ, इडली आणि घटनेचं कलम १५

पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तेव्हा वाचा.

लेक आठ महिन्यांची झाली तेव्हा पहिल्यांदा तिला घेऊन आम्ही दोघं बाहेर जेवायला गेलो. लग्नाआधीपासून आमचा नेम होता. रविवारी रात्री नाव लिहून पाऊणपाऊण तास बाहेर उभं राहायचं, मग आत जाऊन दोन भाज्या, रोट्या आणि निवांत गप्पा. आता साडेसहालाच गेलो. हॉटेल रिकामं, एसी जोरात. अर्ध्या तासात लेक भुकेने रडायला लागली. मी ओढणी घेऊन तिला पाजायला बसले, तर मॅनेजर आला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, जरा वॉशरूममध्ये बसाल का? बाकी कस्टमर आहेत."

माणूस उद्धट नव्हता, म्हणून जास्त लागलं. त्याला मनापासून वाटत होतं की हीच रीत आहे. नाव सांगत नाही. प्रश्न एका हॉटेलचा नाहीच.

घरी येऊन आजीला सांगितलं. ती गिरगावात वाढलेली. म्हणाली, "अगं, आमच्या वेळी बायकांना फॅमिली रूम असायची. पडदा लावला की झालं." तिथून मी वाचायला लागले. हॉटेलात नक्की कोणी बसायचं, हे आपल्याकडे कसं ठरत गेलं?

मुळात बाहेर खाणं हीच आपल्याकडे भानगड होती. 1890 मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये पाहुण्यांसमोर चहा आला. पाहुण्यांत टिळक, रानडे, गोखले होते. गोपाळराव जोशींनी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंच्या यजमानांनी, हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि गावभर ग्रामण्य माजलं. शेवटी रानड्यांसारख्या माणसालाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं. कशापायी? एक कप चहापायी!

ही झाली वरच्या जातींची गोष्ट. ज्यांना दारातच उभं करत नसत त्यांची गोष्ट कोल्हापूरची. गंगाराम कांबळे या दलित माणसाला शाहू महाराजांनी हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः तिथे जाऊन चहा घेतला. राजा पितोय म्हटल्यावर बरोबरच्या मंडळींना कप नाकारता येईना.

मुंबईत गिरण्या आल्या. कोकणातून, घाटावरून एकटे पुरुष आले आणि त्यांना जेवण लागलं. गिरणगावात बायकांनी घरच्या चुलीवर खानावळी चालवल्या. म्हणजे रांधणारी बाई, वाढणारी बाई, तिचं पोर तिथेच रांगतंय, आणि पंगतीला मात्र सगळे पुरुष. या खानावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. तोवर सावकाराशिवाय त्यांना उभं करणारं फारसं कोणी नव्हतं.

इराण्याचं हॉटेल त्याच काळातलं. धोबीतलावचं कयानी 1904 चं. नाक्यावरची जागा, संगमरवरी टेबलं, लाकडी खुर्च्या. इराण्याकडे कुठल्याही धर्माचा, जातीचा माणूस शेजारी बसून ब्रून मस्का खायचा. ही त्या काळात मोठीच गोष्ट. पण बाईमाणूस आणि पोरंबाळं? त्यांच्यासाठी पोटमाळ्यावर किंवा मागच्या बाजूला पडदा लावलेली फॅमिली रूम. पुढे माटुंग्यात उडुपी मंडळी आली. रामा नायकांचं श्रीकृष्ण बोर्डिंग 1942 चं. बोर्डिंग म्हणजेसुद्धा मुख्यतः नोकरीसाठी आलेल्या एकट्या माणसांची सोय. हॉटेल म्हटलं की डोळ्यांसमोर येणारं गिऱ्हाईक कायम एकटा पुरुष. सहकुटुंब जेवायला जाणं हे नंतरचं.

आता कायद्याकडे या. आपल्या घटनेत उपाहारगृहाचा उल्लेख आहे, ठाऊक आहे? कलम १५, पोटकलम दोन. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कुणालाही दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं इथे मज्जाव करता येणार नाही. पंचहौदचा चहा आणि गंगारामांचं हॉटेल आठवून हे कलम वाचा, अंगावर काटा येतो. आणि त्याच्या लगेच खाली पोटकलम तीन: स्त्रिया आणि बालकं यांच्यासाठी सरकारला विशेष तरतूद करता येईल. करता येईल, असं म्हटलंय. करावीच लागेल, असं नाही. आमचं टेबल नेमकं या दोन ओळींच्या फटीत अडकलंय. आत यायला कोणी अडवत नाही. आत आल्यावर बाळाला भूक लागली की काय करायचं, ते कोणी ठरवलेलं नाही.

थोडंफार झालंय. एसटी स्थानकांवर हिरकणी कक्ष आले. नाव किती चपखल! रायगडाचे दरवाजे बंद झाले तेव्हा तान्ह्यासाठी कडा उतरलेली ती गवळण. पण किती कक्षांना कुलूप असतं, ते प्रवास करणाऱ्या बायकांना विचारा. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सार्वजनिक ठिकाणी स्तनपानाच्या जागा असाव्यात हे उचलून धरलं आणि बाईने पाजण्यात लाजण्यासारखं काही नाही हे बजावलं. तो निकाल आमच्या मॅनेजरपर्यंत कोण पोचवणार?

हॉटेलवाल्यांची बाजूही मला कळते. मुंबईत जागेला सोन्याचा भाव आहे. बाबागाडीने वाट अडते, आम्ही टेबल तासभर अडवतो आणि खाली भाताचा सडा पडतो. म्हणून वेगळी खोली मी मागतच नाहीये. शिवाय खोली म्हटलं की मला तो पडदा आठवतो. आजीला पडद्यात मोकळं वाटायचं, कारण बाहेर तिला जागाच नव्हती. मला बाहेर बसायचंय. ज्या बाईला आडोसा हवा तिला तो मिळावा. पण तो तिने मागितला म्हणून मिळावा, कुणी तिला उठवलं म्हणून नाही.

हल्ली आम्ही घराजवळच्या एका जुन्या उडुप्याकडे जातो. पहिल्या दिवशी तिथल्या अण्णांनी काही न विचारता भिंतीकडचं टेबल दिलं, डोक्यावरचा पंखा कमी केला आणि सांबार न घातलेली एक इडली स्टीलच्या वाटीत कुस्करायला आणून ठेवली. नवरा आणि मी आळीपाळीने जेवतो. माझा डोसा नेहमी गार होतो. लेक सगळ्यांकडे बघून हसते. या सगळ्याला अण्णांना किती खर्च आला? शून्य रुपये.

माझं मागणं एवढंच आहे. भिंतीकडचं एक टेबल, दुपटं बदलायला एक फळी आणि "वॉशरूममध्ये बसा" हे वाक्य कायमचं बंद. आपण कुणी संडासात बसून जेवत नाही. तिनेही जेवू नये.

तुमच्या भागात असे अण्णा असतील तर कमेंटमध्ये हॉटेलचं नाव जरूर लिहा. वाईट अनुभवाचं नाव नको, चांगल्याचं लिहा. नव्या आयांना उपयोग होईल.