तळटीप : शिकागोचे शिक्षण मंडळ

अमेरिकेत बहुतेक ठिकाणी स्थानिक शिक्षण मंडळ मतदारच निवडतात. शिकागो हा ठळक अपवाद होता. तिथे सदस्य महापौर नेमत. मे २०१३ मध्ये अशाच नेमलेल्या मंडळाने एका बैठकीत सुमारे ५० शाळा बंद करण्याचे ठरवले. त्या बहुतांशी कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या होत्या. सुनावण्यांना पालकांनी गर्दी करून विरोध नोंदवला, तरी या सदस्यांना मतपेटीतून जाब विचारण्याची सोय त्यांना नव्हती. हा उघड अन्याय होता.

शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयने २०२१ मध्ये मंडळ निवडून देण्यासाठी कायदा बदलला. नोव्हेंबर २०२४ मध्ये १० सदस्य प्रथमच निवडून आले. उरलेले ११ सदस्य महापौरांनी नेमले. कायद्यानुसार जानेवारी २०२७ पासून सर्व २१ सदस्य निवडून आलेले असतील.