दुखणं ज्याचं, प्रश्न त्याचा

झाँसी छावनीत सकाळी एमआय रूमसमोर आजारी जवानांची रांग लागे. कुठे दुखतंय, एवढंच विचारलं जाई. संशोधन कशावर व्हावं, हे जवानाला कोण विचारणार?

गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी बायकांचं ऐकलं. दोन गावांतल्या 650 स्त्रिया तपासल्या. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग निघाले. आधी अशी तपासणी झाली होती फक्त 8 टक्क्यांची. 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ने हे छापलं. तोवर ग्रामीण स्त्रीचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, असंच धरलं जाई.

पुढे आदिवासींनी सांगितलं, मोठ्या इस्पितळाची भीती वाटते. म्हणून शोधग्रामचा दवाखाना त्यांच्या गावासारखा बांधला. नाव दंतेश्वरी देवीचं.

नकाशा मुख्यालयात असतो, पण वाट गस्तीवरच्या जवानाला ठाऊक असते. त्याला आधी विचारा.