पेटंट आणि व्यापारनाम : भारतीय जेनेरिक औषधांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
औषधाला सामान्यतः दोन नावे असतात. एक त्यातील क्रियाशील घटकाचे, म्हणजे जेनेरिक नाव, आणि दुसरे कंपनीने दिलेले व्यापारनाम. घटक व मात्रा समान असूनही किमतीत मोठी तफावत आढळते. तिची कारणे समजण्यासाठी पेटंट व व्यापारनाम या दोन भिन्न मक्तेदाऱ्यांचा इतिहास पाहणे आवश्यक ठरते.

पेटंटची मक्तेदारी :
स्वातंत्र्यानंतरही १९११ चा वसाहतकालीन पेटंट कायदा लागू होता व औषधबाजारावर परकीय कंपन्यांचे वर्चस्व होते. १९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक कारखाना उभा राहिला. परंतु कायद्याची अडचण कायम होती. न्या. राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालाच्या आधारे १९७० चा पेटंट कायदा संमत झाला व तो १९७२ पासून अमलात आला. त्यानुसार औषधाच्या मूळ द्रव्याला नव्हे, तर केवळ ते बनविण्याच्या प्रक्रियेला पेटंट मिळू लागले. त्यामुळे तेच औषध निराळ्या प्रक्रियेने बनविणे भारतीय कंपन्यांना शक्य झाले.

या धोरणाचे फलित २००१ मध्ये जगासमोर आले. एड्सवरील तीन औषधांच्या उपचाराचा प्रतिरुग्ण वार्षिक खर्च पाश्चात्त्य देशांत दहा हजार डॉलरहून अधिक असताना मुंबईच्या सिप्ला कंपनीने तो ३५० डॉलरमध्ये देऊ केला. पुढे जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार २००५ मध्ये भारताने उत्पादन-पेटंट पुन्हा स्वीकारले. तथापि, कलम ३(ड) मुळे जुन्या औषधाच्या किरकोळ बदलास पेटंट नाकारता येते. नोव्हार्टिसच्या ग्लिव्हेक प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये हेच कलम निर्णायक मानले.

व्यापारनामाची मक्तेदारी :
दुसरी मक्तेदारी मात्र टिकून राहिली. व्यापारनामे टप्प्याटप्प्याने रद्द करावीत, अशी शिफारस हाथी समितीने १९७५ मध्ये केली होती; ती सर्वंकषपणे अमलात आली नाही. पेटंटमुक्त औषधेही भारतात प्रामुख्याने व्यापारनामानेच विकली जातात. २००८ मध्ये जनऔषधी योजना सुरू झाली. २०२३ मध्ये डॉक्टरांना जेनेरिक नाव लिहिणे बंधनकारक करणारे विनियम त्याच महिन्यात स्थगित झाले. जेनेरिकच्या दर्जाविषयीची शंका हा यातील प्रमुख आक्षेप होता आणि तो निराधार म्हणता येत नाही. कारण काही वर्गांतील औषधांना जैवसमतुल्यता सिद्ध करण्याची सक्ती २०१७ मध्येच झाली.

निष्कर्ष :
१९७० च्या कायद्याने उत्पादन स्वस्त केले. परंतु निवडीचा अधिकार रुग्णाच्या हाती आला नाही. औषध लिहिणारा एक आणि पैसे देणारा दुसरा, अशी स्थिती असल्याने केवळ कायद्याने व्यापारनामाचा प्रभाव ओसरणार नाही. दर्जाची काटेकोर तपासणी व तिचे निष्कर्ष जाहीर करणे, हाच जेनेरिक औषधांवरील विश्वासाचा पाया ठरू शकतो.