कोयनेल आणि ॲल्युमिनियमची पूड

सिंकोनाच्या सालीतून हिवतापावरचे क्विनीन (कोयनेल) 1820 साली पॅरिसमध्ये पेल्तिए आणि काव्हांतू यांनी वेगळे काढले. ते प्रयोगशाळेत घडवण्याचा पहिला प्रसिद्ध प्रयत्न अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनचा, 1856 मधला. त्याने ॲलिल टोल्युडीनचे पोटॅशियम डायक्रोमेटने ऑक्सिडीकरण केले. रेणुसूत्रांचा हिशेब कागदावर जुळत होता. रेणूची रचना मात्र तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हती. हाती आला तांबूस गाळ. तीच क्रिया ॲनिलीनवर करून पाहताना जांभळा रंग मिळाला आणि पर्किन रंगांचा कारखानदार झाला.

रचना उलगडली ती 1908 च्या सुमारास, जर्मनीत पाउल राबेने. पुढे 1918 मध्ये राबे आणि किंडलर यांनी क्विनोटॉक्सिनपासून क्विनीन परत मिळवल्याचे जाहीर केले. (क्विनीनपासून क्विनोटॉक्सिन पाश्चरने 1853 मध्येच केले होते.) आधी हायपोब्रोमाइटने नायट्रोजनवर ब्रोमीन बसवायचे, मग अल्कलीने वलय मिटवून क्विनिनोन हे कीटोन घ्यायचे, शेवटी ॲल्युमिनियमच्या पुडीने त्याचे क्षपण करायचे. एवढ्या मोठ्या दाव्याच्या मानाने त्यांच्या लेखातली कृती फारच त्रोटक होती.

1942 मध्ये जपानने जावा घेतले आणि दोस्तराष्ट्रांचा कोयनेलचा मुख्य पुरवठा तुटला. हार्वर्डमध्ये वुडवर्ड आणि डोअरिंग यांनी आयसोक्विनोलीनच्या जोडवलयापासून सुरुवात केली. या वलयाने दोन शाखा एकाच बाजूला धरून ठेवल्या. वलयाचे हे काम होताच इथाइल नायट्राइट आणि सोडियम इथॉक्साइडने ते फोडले. एप्रिल 1944 मध्ये क्विनोटॉक्सिन हाती आले आणि दोघे तिथेच थांबले. उरलेल्या तीन पायऱ्या राबेच्या भरवशावर. वृत्तपत्रांनी मात्र कृत्रिम क्विनीनचा जयघोष केला. कारखान्यात ते या वाटेने कधीच निघाले नाही.

2001 मध्ये गिल्बर्ट स्टॉर्क यांनी रेणूतील प्रत्येक केंद्राची त्रिमितीय मांडणी काबूत ठेवून क्विनीन घडवले आणि राबेच्या जुन्या दाव्यावर उघड शंका घेतली. कृती इतकी त्रोटक असताना शंका रास्तच होती. 2008 मध्ये कोलोरॅडोत स्मिथ आणि विल्यम्स यांनी 1944 मधली साधने वापरून राबेची कृती पुन्हा केली. ताज्या ॲल्युमिनियम पुडीने क्विनीनचा उतारा अगदीच कमी पडला. हवेत ठेवून काहीशी ऑक्सिडीकृत झालेली पूड वापरल्यावर तो वाढला. राबेचा दावा खरा ठरला. 1918 च्या लेखात पुडीच्या या अवस्थेचा उल्लेख नव्हता.