पऱ्ह्यापुरतं पाणी

मृग बरा बरसला आणि मग पावसाने दडी मारली, की आमच्या एकोडीत दरवर्षी एकच प्रश्न असतो. पऱ्हे जगवायचे कसे? बांध्या कोरड्या राहिल्या तरी चालतं, रोवणी लांबली तरी चालतं, पण पऱ्हे एकदा करपले की हंगाम गेला. मग तलावाचं तुडूम उघडून, नाहीतर बोडीतून, जमेल तसं तेवढ्या एका वाफ्यापुरतं पाणी आणायचं. बाकी शेत वाट बघू शकतं, पऱ्हे नाही.

हे आज आठवायचं कारण जरा वेगळं आहे. काही वर्षांपूर्वी बाबांच्या छातीत फुगा निघाला. हृदयातून निघणारी महाधमनी वर जाऊन काठीच्या मुठीसारखी वळते, त्या कमानीतच. शंभरेक किलोमीटरवर नागपूर, तिथल्या एका दवाखान्यात शस्त्रक्रिया ठरली. डॉक्टरांनी कागदावर कमान काढली, तिच्यावर तीन फांद्या काढल्या आणि म्हणाले, "हा भाग कापून कृत्रिम नळी बसवायची. शिवताना इथे रक्त नको. म्हणून काही वेळ शरीराचा रक्तपुरवठा बंद ठेवावा लागेल."

त्या तीन फांद्यांतूनच मेंदूला रक्त जातं, एवढं बारावीचं जीवशास्त्र मला आठवत होतं. मी विचारलं, "आणि डोकं?"

"तोच तर सगळा खेळ आहे," ते म्हणाले.

सही करून आलो आणि त्या खेळाचा इतिहास वाचत सुटलो. भीती वाटली की मी वाचतो, ही जुनी सवय.

मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण विसावा घेत असतानाही शरीराला लागणाऱ्या प्राणवायूतला पाचवा हिस्सा तो एकटा खातो. आणि साठवण जवळपास शून्य. नेहमीच्या तापमानाला रक्त थांबलं तर काही सेकंदांत शुद्ध जाते आणि चार-पाच मिनिटांत कायमची इजा सुरू होते. एवढ्या वेळात हृदय उघडून, दुरुस्त करून, पुन्हा कोण शिवणार? शल्यविशारद दीर्घकाळ हृदयापासून लांब राहिले, त्याचं एक मोठं कारण हे.

पहिली वाट सापडली थंडीची. अंग थंड केलं की पेशींची भूक कमी होते. टोरांटोच्या विल्फ्रेड बिगेलो यांनी १९५० साली कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून हे मांडलं. २ सप्टेंबर १९५२ रोजी मिनेसोटात जॉन लुईस यांनी पाच वर्षांच्या एका मुलीला २८ अंशांपर्यंत थंड केलं, रक्त साडेपाच मिनिटं थांबवलं आणि हृदयातलं छिद्र शिवलं. मुलगी वाचली. पुढच्याच वर्षी, ६ मे १९५३ला, फिलाडेल्फियात गिबन यांचं हृदय-फुप्फुस यंत्र यशस्वी झालं. आणि १९५४मध्ये लिलेहाय यांनी तर बापालाच यंत्र केलं! मुलाच्या रक्तवाहिन्या बापाच्या रक्तवाहिन्यांना जोडल्या. मुलाचं हृदय उघडं असताना त्याचा मेंदू बापाच्या रक्तावर जगत होता. हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो. आमच्याकडे बाप आत होणार होता आणि मुलगा बाहेर बाकावर, एवढाच फरक.

आपल्याकडेही फार उशीर झाला नव्हता. मुंबईच्या के. ई. एम.मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन १९५०च्या दशकातच शरीर थंड करून हृदयावर काम करत होते. हे सेन लहानपणी नागपुरात वाढलेले, म्हणजे तसे आमचेच. फेब्रुवारी १९६८मध्ये भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण त्यांनीच केलं. रुग्ण काही तासच जगला, पण पुढच्यांना धडा मिळाला.

कमान मात्र बराच काळ अवघड राहिली. नुसतं यंत्र तिथे पुरत नाही, कारण मेंदूच्या वाटाच कापायच्या जागेतून निघतात. ह्यूस्टनच्या डबेकींनी १९५७ साली मेंदूच्या धमन्यांत वेगळ्या नळ्या घालून ते जमवलं, पण ते फार किचकट होतं. १९७५मध्ये ग्रीप यांनी सोपं केलं. खूप थंड करा, सगळं थांबवा आणि घाईने शिवा. १८ अंशांच्या आसपास साधारण अर्धा तास मिळतो. त्यापुढचं प्रत्येक मिनिट महाग. मग १९९०मध्ये जपानच्या उएदांनी शिरांतून उलट्या दिशेने रक्त चढवून पाहिलं. आणि अखेर डबेकींचीच वाट सुधारून परत आली. उजव्या काखेजवळच्या धमनीत नळी घालायची आणि बाकी अंग थांबलेलं असताना किलोमागे मिनिटाला साधारण दहा मिलिलिटर रक्त फक्त डोक्याकडे सोडायचं. डाव्या मेंदूचं काय? तिथे मेंदूच्या तळाशी धमन्यांचं एक कडं असतं, थॉमस विलिस यांनी १६६४ साली वर्णन केलेलं. बहुतेकांत ते उजवीकडचं पाणी डावीकडे पोचवतं. पण सगळ्यांत ते पूर्ण नसतं, म्हणून कपाळावर दोन्ही बाजूंना प्राणवायू मोजणाऱ्या पट्ट्या लावतात आणि आकडा पडला की दुसरी नळी घालतात.

अजून एक गोष्ट होती, आमच्या मातीतली. "भंडाऱ्याचे ना? सिकलसेल तपासलंय?" हा प्रश्न डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत केला होता. पूर्व विदर्भात हा आजार घरोघर ऐकू येतो. १९५८मध्येच नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी 'लॅन्सेट'मध्ये त्याबद्दल लिहिलं होतं. बाबा वाहक निघाले. एरवी वाहकाला त्रास नसतो, पण थंडी, मंदावलेलं रक्त आणि कमी प्राणवायू एकत्र आले तर पेशी विळ्यासारख्या वाकून वाट अडवू शकतात. जी थंडी मेंदू वाचवते तीच इथे घात करू शकते. म्हणून बाबांना फार थंड न करता डोक्याचा पुरवठा चालू ठेवायचा, असं ठरलं. टोरांटोतून निघालेली गोष्ट साकोली तालुक्यात येऊन अशी थोडी वळली!

त्या दिवशी मी बाहेर नऊ तास बसलो. नळीने आपलं काम केलं की नाही, हे शुद्धीवर आल्याशिवाय कळत नाही, असं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांनी डोळे उघडले. नाव सांगता आलं, दोन्ही हात हलले. मग घशातली नळी काढल्याच्या खरखरीत आवाजात मला म्हणाले, "पऱ्ह्यात पानी हाये का रे?"

"हाये बाबा," मी म्हणालो.

खरं तर गेल्या चार दिवसांत मी शेताकडे फोनसुद्धा केला नव्हता. असो. शेजाऱ्यांनी सोडलं होतं, नंतर कळलं.