रविवार मागून घेतलेला

‘पूर्वी लोकांकडे वेळ असायचा,’ असं आपण सहज म्हणतो. मुंबईच्या गिरणी कामगाराला ते पटलं नसतं. एकोणिसाव्या शतकात गिरणी उजाडताना सुरू होई, अंधारताना थांबे. पुढे विजेचे दिवे आले आणि कामाचे तास आणखी वाढले. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने कामगारांनी रविवारची सुट्टी मागितली. मालकांनी ती मान्य केली १८९० मध्ये. १९२२च्या कायद्याने आठवड्याचे तास साठावर आणले. तेही साठ!

एवढ्या उरलेल्या वेळात गिरणगाव गायलं, नाचलं. एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारे कोकणातले चाकरमानी रात्री भजनाला बसत, नमनाच्या, दशावताराच्या तालमी करत. घाटावरच्यांचे आखाडे, लेझीम, तमाशे होतेच. परळच्या दामोदर नाट्यगृहात कामगारांची नाटकं उभी राहिली. पहाटेच्या पाळीला जायचं असलं, तरी तालीम चुकत नसे.

त्यांच्याकडे वेळ नव्हताच. आधी त्यांनी तो मालकाकडून मागून घेतला, मग स्वतःच्या झोपेतून काढला. सुट्टीच्या दिवशी ऑफिसचा फोन निमूट उचलताना हे आठवायला हवं.