आपापला वाडगा घेऊन या

साल १५८७. जपानी पंचांगातल्या दहाव्या महिन्याची पहिली तिथी. क्योतोतल्या कितानो तेनमांगू देवळाच्या पाइनच्या झाडीत तुम्ही उभे आहात आणि बघाल तिकडे शेगड्या पेटल्या आहेत. जपानचा कारभार मुठीत असलेल्या तोयोतोमी हिदेयोशीने फर्मानच तसं काढलंय: चाकर, व्यापारी, शेतकरी, चहाची आवड असेल त्या प्रत्येकाने एक किटली, एक पोहरा आणि एक वाडगा घेऊन यावं. बसायला धड चटई नसली तरी चालेल. परमुलखातलाही चालेल, म्हणून तर तुम्हाला कोणी हटकत नाही. माचा, म्हणजे चहाची पूड, परवडत नसेल त्याने भाजलेल्या धान्याचं पीठ पाण्यात ढवळावं. केवढं औदार्य! मात्र जो येणार नाही, त्याला यापुढे ते पीठ ढवळायलाही बंदी. आमंत्रण आणि दमदाटी एकाच कागदावर मावायला सत्ता लागते.

पलीकडे हिदेयोशीची सोन्याने मढवलेली चहाची खोली मांडलीय, तिथे झुंबड आहे. खुद्द त्याच्या किंवा चहागुरू सेन नो रिक्यूच्या हातचा चहा मिळावा म्हणून चिठ्ठ्या काढल्या जातायत. तुम्ही त्या गर्दीत शिरू नका. सोनं काय, एका नजरेत बघून होतं. कडेला एक म्हातारा एकटाच बसलाय, रिक्यूच्याच साकाई गावचा. त्याच्यापुढे गुडघे मोडून बसा.

तो आधी वाडग्यात गरम पाणी ओततो आणि बांबूची घोटणी त्यात भिजवतो. बांबूच्या एकाच पेराचं टोक चिरून केसासारख्या बारीक काड्या काढल्यात. कोरड्या वापरल्या तर कडाकड मोडतील. भिजता भिजता वाडगाही तापतो. मग पाणी फेकून, तागाच्या फडक्याने आतून कोरडं पुसायचं. ओलसर राहिलं की पूड तळाला चिकटलीच.

आता पूड. बांबूच्या चमच्याने दीड-दोन वेळा, आजच्या हिशेबाने जेमतेम दोन ग्रॅम. सांडू नका. दगडी जातं तासभर सावकाश फिरवावं तेव्हा चाळीसेक ग्रॅम हाती लागते, आणि घाईने फिरवलं तर दगड तापून वास उडतो. किटलीतलं पाणीही खळखळतं ओतायचं नाही, चहा कडू होतो. म्हातारा पळीभर गार पाणी किटलीत सोडतो, उकळी बसते. मग अर्धी वाटीही नाही, इतकंच पाणी वाडग्यात.

‘घे,’ तो म्हणतो.

तुमचा हात सवयीने रवीसारखा गोल फिरतो. म्हातारा तुमचं मनगट धरतो. गोल नाही, पुढे-मागे, पुढे-मागे. आधी तळाशी हळू, गुठळ्या मोडेपर्यंत. मग घोटणी केसभर वर उचलायची, म्हणजे काड्या तळाला घासणार नाहीत, आणि खांदा अजिबात न हलवता नुसत्या मनगटाने झपझप. हिरव्या पाण्यावर बुडबुडे येतात, मोठे, बेढब. ते फुटून साय दिसू लागली की वेग कमी. शेवटी घोटणी मधोमध आणून सरळ वर.

तो एक घोट घेतो, मान हलवतो, उरलेला चहा ओतून टाकतो आणि रिकामा वाडगा पुन्हा तुमच्याकडे सरकवतो.

दुसऱ्या खेपेला मनगट आपसूक ऐकतं. तेवढ्यात झाडीत गलका होतो: हेचिकान नावाच्या विक्षिप्त माणसाने भलीमोठी लाल छत्री उभारून तिच्याखाली चहा मांडलाय, आणि हिदेयोशी म्हणे तिच्यावर बेहद्द खूश आहे! म्हातारा तिकडे ढुंकूनही बघत नाही. तुमचा चहा तो या वेळी तळापर्यंत पितो.

दहा दिवस चालायचा हा सोहळा एका दिवसातच गुंडाळला जातो. क्यूशूतल्या बंडाचं कारण पुढे सांगितलं जाईल. म्हाताऱ्याचा राग वेगळाच आहे. दहा दिवसांचा कोळसा त्याने साकाईहून पाठीवर वाहून आणलाय. निम्मी गोणी तो तुमच्या खांद्यावर देतो.